अर्थिंगची पिन कापायला सांगणाऱ्या गिटारच्या फॉरवर्डला उत्तर

परवा बहिणीने व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड पाठवला. 'तीन हजारांत घरीच बनवा इलेक्ट्रिक गिटार, दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत.' खाली तिचा प्रश्न होता, "दादा, मुलाला हे करू दिलं तर चालेल ना?" हाच मेसेज त्याआधी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता, तेव्हा मी तो सोडून दिला होता. रविवारी नाशिकच्या सिडकोत तिच्याकडे गेलो. भाच्याच्या टेबलाखाली अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा प्लग पडला होता, त्याची वरची जाड पिन हॅक्सॉने मुळापासून कापलेली. कापलेलं पितळ अजून चकचकीत होतं, फरशीवर पिवळा कीस सांडला होता. मुलाने मुद्दा क्रमांक पाच तंतोतंत पाळला होता.

तो मुद्दा असा: 'गिटार घूं घूं करत असेल तर अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, हम लगेच बंद होतो.'

मी अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करतो आणि त्याहून जास्त वर्षं गिटार वाजवतो. हा सल्ला जीव घेऊ शकतो. गिटारच्या आत ब्रिजखालून, म्हणजे तारा ज्या धातूच्या पट्टीवर टेकतात तिच्याखालून एक वायर निघते आणि व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या पाठीला सोल्डर होते. म्हणजे तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. ते ग्राउंड केबलमधून अँपच्या चासीपर्यंत, म्हणजे धातूच्या सांगाड्यापर्यंत जातं आणि चासी त्या जाड पिनेतून जमिनीत. पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जुळतं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. आता पिन कापली आणि अँपच्या आत इन्सुलेशन बिघडून फेज चासीला टेकली, तर फ्यूज उडत नाही, कारण करंटला जायला वाटच नाही. २३० व्होल्ट तारांवर येऊन थांबतात. मुलगा तारांवर बोटं ठेवून उभा असतो, समोरच्या माइकला ओठ लागतो, आणि करंटला वाट मिळते ती त्याच्या छातीतून.

हे घडलेलं आहे. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्झीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे भर कार्यक्रमात, मंचावर शॉक लागून मरण पावला. हातात गिटार होती, समोरच्या माइकला अर्थिंग नव्हतं, त्याला हात लागला. १९७६ साली यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना शॉक लागून गेला, तिथेही अर्थिंग नीट नव्हतं. दोघेही नवशिके नव्हते.

भाचा म्हणाला, "पण मामा, आवाज खरंच कमी झाला." झाला असेल. गिटारची केबल अँप आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे गेलेली असेल आणि ते वेगवेगळ्या बोर्डांवर असतील, तर अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि तो घुमतो. पिन तोडली की फेरा तुटतो. एवढं अर्धसत्य मला मान्य करावं लागतं. पण त्याचा उपाय म्हणजे दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावणं. बाकीचा हम पिनेतून येतच नाही. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग, हा चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतो. ते ट्यूबलाइटच्या चोकचं, अॅडॅप्टरचं ५० हर्ट्झचं क्षेत्र हवेतूनच पकडतात. म्हणून तर गिब्सन या गिटार कंपनीत सेठ लव्हरने १९५५ साली एकमेकांना उलटी दोन कॉइल जोडून हम मारणारा पिकअप, हमबकर बनवला. एकाच कॉइलचा पिकअप (सिंगल कॉइल) ठेवायचा असेल तर गिटारच्या पोकळीला आतून तांब्याची टेप लावा, ती पॉटच्या पाठीला जोडा आणि अॅडॅप्टरपासून दोन हात लांब बसा.

आता बाकीचे मुद्दे.

'ब्रिज कुठेही बसवा, सूर कान पिळून जुळतो.' मोकळी तार जुळेल, पुढे काय? नटपासून (तारांचा वरच्या टोकाचा टेकू) बाराव्या फ्रेटपर्यंत (दांडीवरची धातूची आडवी पट्टी) जेवढं अंतर, तेवढंच तिथून ब्रिजच्या सॅडलपर्यंत (तार टेकते तो तुकडा) हवं. फेंडर कंपनीच्या मापाच्या नेकला (दांडीला) ते ३२४ मिलिमीटर आहे, एकूण ६४८. जाड तारांना वर दोन-तीन मिलिमीटर जास्त लागतात. आता तार तिच्या योग्य लांबीपेक्षा पाच मिलिमीटर लांब ठेवली तर ३२४ च्या जागी ३२९ होतात आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर साधारण १३ सेंट उतरतो, म्हणजे अर्ध्या सुराचा आठवा हिस्सा. ट्युनरवर हिरवा दिवा लागलेला असतो आणि कॉर्ड मात्र बेसूर वाजतो. मग मूल समजतं की आपल्यालाच वाजवता येत नाही. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो.

'कुठलीही नेक कुठल्याही बॉडीला बसते.' नाही. आधी नेकची टाच आणि बॉडीचा खाचा मोजा, मगच पैसे द्या.

'व्हॉल्यूमला जुना फॅन रेग्युलेटर चालतो.' तो २३० व्होल्टच्या पंख्यासाठी असतो आणि पिकअप देतो मिलिव्होल्ट. सिंगल कॉइलला २५० के, हमबकरला ५०० के ओहमचा पॉट घ्या. किरकोळ पैशांत मिळतो.

'जुन्या वाड्याचं सागवान वापरा.' हे बरोबर आहे. जुन्या नाशकात वाडे पाडले जातात तेव्हा चांगल्या दाराच्या फळ्या मिळतात आणि त्या मुरलेल्या असतात. फक्त सागात तेल असतं. चिकटवायच्या आधी जोड अॅसिटोनने पुसा, नाहीतर फेव्हिकॉल धरत नाही. पावसाळ्यात नवं लाकूड घेऊ नका.

शेवटी 'ब्रायन मेने फायरप्लेसच्या फळीतून गिटार बनवली, मग तुम्ही का नाही?' क्वीन बँडच्या या गिटारवादकाने बनवली, खरं आहे. नेक त्या फळीचीच होती. पण १९६३ मध्ये सुरू केलेल्या त्या कामाला जवळपास दोन वर्षं लागली. शेजारी वडील हॅरल्ड होते, तेही इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. स्वतः गुंडाळलेले पिकअप मनासारखे वाजेनात, तेव्हा त्याने बर्न्स कंपनीचे विकत घेतले. फॉरवर्डमध्ये ना ती दोन वर्षं आहेत, ना ते वडील.

रविवारी संध्याकाळी अँपला नवा तीन पिनांचा प्लग लावला आणि बहिणीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आहे का ते पाहिलं. मग अँपचा प्लग भिंतीतून काढलेला ठेवून गिटारची केबल जोडली आणि मल्टिमीटर बझरवर लावला, जोड अखंड असेल तर तो वाजतो. एक प्रोब भाच्याने जाड तारेवर धरला, दुसरा प्लगच्या जाड पिनेवर. बझर वाजला नाही. गिटार उघडली तर ब्रिजची वायर पॉटला नुसती टेकलेली, सोल्डर धरलेलंच नव्हतं. पॉटची पाठ पॉलिश पेपरने खरवडून त्याने पुन्हा टाका दिला. या वेळी बझर वाजला.