गरम व्ही-एट सुरू होत नाही, म्हणजे व्हेपर लॉकच?

जुन्या अमेरिकन मसल कारवाल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘गाडी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते, पण पेट्रोल भरायला थांबली की पंधरा-वीस मिनिटांनी सुरू होत नाही, म्हणजे व्हेपर लॉक (नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं). दोष हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचा. नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावा, १६० फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट बसवा, स्टार्टरला ब्लँकेट गुंडाळा, फोर्डचा सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) लावा. तरी जमलं नाही तर इलेक्ट्रिक पंप.’ यातल्या दोन-तीन वस्तू योग्य जागी लावल्या तर उपयोगी पडतात. पण तीन वेगवेगळ्या आजारांना एकच नाव दिलं की औषध लागू पडलं तर नशिबानंच. उदाहरणासाठी जनरल मोटर्सची १९६९ ची शेव्हेल एसएस ३९६ घेऊ: बिग ब्लॉक (मोठं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन), क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, आणि एक्झॉस्टच्या कुशीत बसलेला डेल्को-रेमी स्टार्टर.

‘गरम असताना सुरू होत नाही, म्हणजे व्हेपर लॉक.’

आधी एवढंच पाहा की सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं कसं. जड, कण्हत फिरत असेल किंवा नुसतं ‘टक्’ होत असेल, तर पेट्रोलचा इथे काहीही संबंध नाही. नळीत वाफ आहे म्हणून इंजिन जड फिरत नाही. दोष स्टार्टर, वायरिंग किंवा टायमिंगमध्ये (ठिणगी पडण्याच्या वेळेत) आहे. झपझप फिरतं पण पेटत नाही, तरच पेट्रोल आणि करंट यांच्याकडे वळायचं.

दुसरी गोष्ट, चाचणी आजार हजर असताना करायची. अर्धा तास गाडी चालवा, बंद करा, बॉनेट मिटलेलं ठेवा आणि वीस मिनिटं थांबा. इंजिन बंद झाल्यावर पंखा आणि पाणी थांबतं, त्यामुळे कार्ब्युरेटरचं तापमान त्यानंतरच चढत जातं. गार गाडीवर मीटर लावून ‘सगळं ठीक आहे’ म्हणण्याला अर्थ नाही.

मग एअर क्लीनर काढा, चेहरा लांब ठेवा, जवळ ठिणगी नको. इंजिन बंद असतानाच हातानं थ्रॉटल एकदा पूर्ण उघडा. ॲक्सिलरेटर पंपाची धार आली नाही, तर फ्लोटची वाटी रिकामी आहे. धार येते आणि वर नळ्यांतूनही थेंब गळतायत, पेट्रोलचा दर्प आहे, प्लग ओले आहेत, तर कार्ब्युरेटर ओव्हर झालाय. वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलं, हे पर्कोलेशन. पहिल्यात इंजिन उपाशी, दुसऱ्यात अजीर्ण. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून पंपावर ओला फडका टाकलेली फियाट ज्यांना आठवते, त्यांनी पाहिला तो खरा व्हेपर लॉक: चढावर, चालत्या गाडीत, पंपात वाफ. थांबून वीस मिनिटांनी नडणारी गाडी बहुतेक वेळा अजीर्णाची असते.

सुरू करण्याची पद्धतही उलट आहे. ओव्हर झालेल्या गाडीत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. वाटी रिकामी असेल तर दहा सेकंद फिरवून थांबायचं, दोन मिनिटं स्टार्टर गार होऊ द्यायचा, मग पुन्हा.

‘दोष इथेनॉलचा.’

अर्धं खरं. दहा टक्के इथेनॉल मिसळलं की पेट्रोलचा बाष्पदाब (त्याची वाफ किती सहज होते त्याचं माप) साधारण १ पीएसआयनं वाढतो, आणि आजचं पेट्रोल बनवलंय बंद, दाबाखालच्या इंजेक्शनसाठी. क्वाड्राजेटची वाटी मात्र हवेला उघडी असते. पण इथेनॉल नसलेलं पेट्रोलही ३५ ते ४० अंश सेल्सियसला उकळायला सुरुवात करतं, आणि बंद इंजिनावरचा कार्ब्युरेटर त्याच्या बराच वर जातो. शिवाय पेट्रोलपंपावर इथेनॉल येण्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकातच, जनरल मोटर्स आपल्या एअर कंडिशनवाल्या गाड्यांना टाकीकडे परत जाणारी वाफेची नळी लावत होती. आजार तेव्हाही होता, म्हणूनच ना?

इथेनॉलपेक्षा ऋतू जास्त नडतो. अमेरिकेत कमी बाष्पदाबाचं पेट्रोल पंपांवर सक्तीचं असतं ते १ जून ते १५ सप्टेंबर. फेब्रुवारीत भरलेली टाकी एप्रिलच्या पहिल्या गरम रविवारी बाहेर काढली, तर टाकीत हिवाळ्याचं, लवकर उकळणारं पेट्रोल असतं. त्या दिवशी कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकी बदलून पाहावी.

‘नळीला चिमटे लावा.’

लाकूड उष्णता नेत नाही. मग ते नळीतली उष्णता ओढून घेणार कशी? गाडी सुरू होते ती चिमटे लावेपर्यंत गेलेल्या वेळामुळे.

उष्णता कुठून येते ते पाहा. शेव्हेलच्या ओतीव लोखंडी इनटेकमध्ये कार्ब्युरेटरच्या खालूनच एक्झॉस्टचा रस्ता जातो, थंडीत इंजिन लवकर तापावं म्हणून. एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली एक झडप असते, हीट रायझर. ती गंजून बंद अवस्थेत अडकली की जळलेला वायू सतत कार्ब्युरेटरच्या तळाशी फिरतो. गार इंजिनावर तिचं वजन हातानं फिरवून पाहा. फिरत नसेल तर गंज सोडवणारं तेल टाकून मोकळी करा, नाहीतर उघड्या अवस्थेत कायम करा. रस्ता पूर्ण बंद करणारं इनटेक पॅकिंगही मिळतं. पण या गाडीच्या चोकची स्प्रिंग त्याच रस्त्यावरच्या खाचेत बसते. तो बंद केला की चोक उघडतच नाही, गाडी काळा धूर ओकते. इलेक्ट्रिक चोकची सोय आधी करा, मगच हे.

त्यानंतर कार्ब्युरेटरखाली अर्धा ते एक इंच जाडीचा फेनॉलिक (कडक प्लास्टिकचा) किंवा थरांच्या लाकडाचा स्पेसर. ॲल्युमिनियमचा नको, तो उष्णता वर पोहोचवतो. बॉनेट बसतंय का ते एअर क्लीनरवर चिकणमातीचा गोळा ठेवून तपासा. फ्लोटची पातळी पुस्तकाप्रमाणे ठेवा, आणि पंपाचा दाब क्वाड्राजेटला ५ ते ६ पीएसआयच्या वर नको. इंजिन बंद झाल्यावर पंप आणि नीडल यांच्यात अडकलेलं पेट्रोल तापून फुगतं आणि नीडल (वाटीत पेट्रोल सोडणारी झडप) ढकलतं. टाकीकडची परतीची नळी हा त्यावरचा खरा उपाय. फिल्टरला परतीची तोटी असेल तर ती वरच्या बाजूला हवी, कारण वाफ वर जाते. आडवी बसवून ‘काही फरक नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत. क्वाड्राजेटच्या तळाचे बूच गळत असतील तर वाटी आपोआप रिकामी होते. तिथे इपॉक्सी लागते, स्पेसर नव्हे.

‘१६० चा थर्मोस्टॅट बसवा.’

थर्मोस्टॅट ठरवतो पाणी किमान किती गरम राहील ते. १८० ऐवजी १६० म्हणजे ८२ ऐवजी ७१ अंश सेल्सियस. रेडिएटर अपुरा असेल तर गाडी तरीही चढायचं तिथवर चढतेच. आणि गाडी बंद झाल्यावर पाणी फिरतच नाही.

‘ब्लँकेट गुंडाळा आणि फोर्डचा सोलेनॉइड लावा.’

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण जड फिरणाऱ्या गाड्यांवर सर्वांत जास्त पैसा याच सल्ल्यामुळे वाया जातो.

तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. सोलेनॉइडचं वेटोळं २० वरून १२० अंशांवर गेलं की रोध ३९ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच व्होल्टेजला करंट ७२ टक्क्यांवर येतो. सेल्फची जांभळी वायर इग्निशन स्विच, न्यूट्रल सेफ्टी स्विच, फायरवॉलचा जोड असा फेरा मारून सोलेनॉइडच्या एस टर्मिनलला (किल्लीकडून वीज घेणाऱ्या जोडाला) पोहोचते. पन्नास वर्षांच्या जोडांत एखाद-दोन व्होल्ट गळाले की गार असताना चालणारं काम गरम असताना ‘टक्’वर थांबतं.

इग्निशन कॉइलची धन वायर काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. आता कोणीतरी सेल्फ मारत असताना मल्टीमीटरनं चार मापं घ्या. बॅटरीच्या दोन खांबांत ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. धन खांब ते स्टार्टरचा मोठा बोल्ट, ०.५ व्होल्टच्या आत. ऋण खांब ते स्टार्टरची काया, ०.३ च्या आत. धन खांब ते एस टर्मिनल, १ व्होल्टच्या वर गेलं तर दोष त्या जांभळ्या वायरीच्या फेऱ्यात. मीटरचं टोक वायरीच्या टोपीला नव्हे, खांबाच्या शिशालाच टेकवा. दोनशे अँपियरला ०.०१ ओहम म्हणजे तब्बल २ व्होल्ट, आणि रंग लावलेल्या ब्रॅकेटवर कसलेली अर्थची केबल तेवढं सहज खाते. नवीन केबल १/० किंवा २ गेजची, अर्थ थेट इंजिन ब्लॉकला, रंग घासून.

कॉइल काढल्यावर तेच जड इंजिन मोकळं फिरलं, तर स्टार्टरला हात लावू नका. टायमिंग जास्त पुढे आहे. १०.२५ : १ कॉम्प्रेशनच्या गरम इंजिनात ठिणगी लवकर पडली की पिस्टन उलटा ढकलला जातो. टायमिंग लाइटनं सुरुवातीचं टायमिंग पाहा. १० ते १२ अंशांवर आणून पुन्हा चाचणी घ्या. डिस्ट्रिब्युटरची वजनं (आपले मिस्त्री ज्याला ‘डेल्को’ म्हणतात त्याची, इथे तो खरोखर डेल्कोच आहे) गंजून पुढे अडकलेली नाहीत ना, तेही बघा.

आता फोर्डचा सोलेनॉइड. फोर्डमध्ये तो फेंडरच्या आतल्या बाजूला असतोच आणि क्रायस्लरला वेगळा रिले असतो, तेव्हा त्या गाड्यांत हा सल्ला गैरलागू. शेव्हेलवर तो लावून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टापासून एसला तुकडा जोडायची पद्धत आहे. पर्मनंट मॅग्नेटच्या मिनी स्टार्टरवर (मूळच्या जागी बसवतात त्या छोट्या स्टार्टरवर) हे केलं, तर किल्ली सोडल्यावर फिरता स्टार्टर स्वतःच वीज निर्माण करून सोलेनॉइड धरून ठेवतो आणि दात घासत राहतात. ३० अँपियरचा साधा रिले पुरतो: जांभळी वायर रिलेच्या वेटोळ्याला, आणि बॅटरीकडून फ्यूजसह १० गेजची वायर संपर्कातून एसला.

ब्लँकेटपेक्षा कारखान्याचा पत्र्याचा आडोसा बरा, मध्ये हवा खेळती राहते. तेलानं भिजलेलं ब्लँकेट हेडरला (एक्झॉस्टच्या पाइपांना) टेकलं तर आगीचं निमंत्रण आहे. स्टार्टरच्या पुढच्या टोकाचा ब्रेस हरवलेला असतो, तो शोधून लावा.

‘मिनी स्टार्टर लावला तरी पेटत नाही, म्हणजे पेट्रोलच.’

मूळ सोलेनॉइडवर आर टर्मिनल असतं. सेल्फ मारताना पिवळ्या वायरीतून ते कॉइलला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज देतं, एरवी रोधक वायरीतून कमीच मिळतं. बऱ्याच मिनी स्टार्टरना हे टर्मिनलच नसतं. मग इंजिन झकास फिरतं आणि ठिणगी पिवळट, मरतुकडी पडते. सेल्फ मारताना कॉइलच्या धन टोकावर ९ व्होल्ट तरी हवेत. नसतील तर एसपासून कॉइलपर्यंत डायोड घालून वायर टाका, पट्टी कॉइलच्या बाजूला.

‘शेवटचा उपाय इलेक्ट्रिक पंप.’

इंजिनाजवळ लावला तर तोही ओढतच राहतो, आणि ओढीनं दाब कमी झालेलं पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला, पुढे दाबाचा रेग्युलेटर ५.५ पीएसआयवर, आणि तेलाचा दाब गेला की बंद करणारा स्विच. त्याआधी टाकीजवळची जुनी रबरी नळी बदला. तिला पेट्रोल गळण्याइतकी चीर नसली तरी हवा ओढण्याइतकी असते.