पॉइंट्सवरची रात्र ‘फुकट’ म्हणणं आता बंद करा

डाउनटाउनमधल्या चेन हॉटेलात (मॅरियट, हिल्टनसारख्या साखळीतल्या) सभासद म्हणून खर्चावर जमलेले पॉइंट्स वापरून राहिलं की ‘रात्र फुकटात पडली’ म्हणायची सवय आधी मोडा. ती रात्र तुम्ही आधीच विकत घेतलेली असते, आणि चांगली महागात. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा धंदा अमेरिकेत राजरोस चालतो आणि आपणच एकमेकांना कौतुकाने सांगतो, ‘अरे, पॉइंट्सवर जमवलं!’

आकडेच घ्या. मॅरियटच्या ‘बॉनव्हॉय’ या सभासद योजनेत कोर्टयार्डसारख्या मधल्या दर्जाच्या हॉटेलात साध्या सभासदाला एका डॉलरला १० पॉइंट्स मिळतात, टॅक्सच्या रकमेवर तेही नाहीत. म्हणजे ४०,००० पॉइंट्स जमायला ४,००० डॉलर हॉटेलांत घालवावे लागतात. (क्रेडिट कार्डाने लवकर जमतात हे खरं. पण तोच खर्च २ टक्के कॅशबॅकच्या कार्डावर केला असता तर रोकड हातात आली असती.) हेच पॉइंट्स सवलत नसताना कंपनीकडून विकत घ्यायचे तर हजाराला साडेबारा डॉलर, म्हणजे ४०,००० चे ५०० डॉलर.

आता ते खर्च करून बघा. समजा, न्यूयॉर्कच्या एका मॅरियटमध्ये १८० डॉलरची खोली ४०,००० पॉइंट्सना दाखवतायत. तिथला हॉटेल टॅक्स १४.७५ टक्के, वर रात्रीला साडेतीन डॉलर. रोखीने खोलीचे झाले २१० डॉलर. शिवाय ३० डॉलर ‘डेस्टिनेशन फी’ (खोलीभाड्यावर रोज सक्तीने लावलेली जादा फी), टॅक्स धरून ३४ डॉलर ४३ सेंट. पॉइंट्सवर बुकिंग केलं की खोली आणि तिचा टॅक्स सुटतो, फी मात्र सुटत नाही. म्हणजे ४०,००० पॉइंट्सनी तुमचे वाचले २१० डॉलर. पॉइंटला जेमतेम अर्धा सेंट. विकताना सव्वा सेंट, परत घेताना अर्धा! हा भागाकार प्रत्येक बुकिंगआधी करा: रोखीचं सगळं बिल, त्यातून पॉइंट्सवर राहूनही भरावी लागणारी रक्कम वजा, भागिले पॉइंट्स. बॉनव्हॉयमध्ये उत्तर ०.७ सेंटच्या खाली आलं तर रोख भरा.

आणि हे ४०,००० सुद्धा आजचे. पूर्वी हॉटेलांच्या श्रेणी होत्या, तक्ता होता, कुठे किती लागणार ते वर्षभर आधी कळायचं. हिल्टनने तक्ता २०१७ मध्ये काढला, मॅरियटने मार्च २०२२ मध्ये. हायॅटने निदान तक्ता तरी ठेवलाय. हिल्टन-मॅरियटमध्ये दर रोजच्या रोज हलतो. म्हणून केलेलं बुकिंग ‘जरा एक रात्र वाढवू’ म्हणून बदलायला जाऊ नका, सगळ्या रात्री आजच्या दराने मोजल्या जाऊ शकतात. वाढीव रात्रीचं बुकिंग वेगळं करा. अपवाद पाच रात्रींचा: मॅरियटमध्ये पाचांतली सर्वांत कमी पॉइंट्सची रात्र पॉइंट्सविना मिळते, हिल्टनमध्ये सिल्व्हर आणि त्यावरच्या दर्जाच्या सभासदांना पाचवी, पण पाचही रात्री एकाच बुकिंगमध्ये असतील तरच.

त्या डेस्टिनेशन फीबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. रिसॉर्टमध्ये निदान पूल आणि समुद्रकिनारा तरी असतो. डाउनटाउनच्या दहा बाय पंधराच्या खोलीत कसली फी? यादी वाचा: वायफाय (सभासदांना तसंही मोफत), लोकल फोन, आणि रोजचं काही डॉलरचं खाण्यापिण्याचं क्रेडिट. ते क्रेडिट त्याच दिवशी, त्याच हॉटेलच्या बारमध्ये संपवायचं. आजचं उद्या चालत नाही. हिल्टन आणि हायॅट पूर्ण पॉइंट्सवरच्या मुक्कामाला ही फी माफ करतात. मॅरियट करत नाही. फी लपवण्यावरून मॅरियटला पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलशी २०२१ मध्ये तडजोड करावी लागली, मग १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आला. पण नियम एवढंच म्हणतो की फी धरून एकूण किंमत आधी दाखवा. फी घेऊच नका असं तो म्हणत नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे राग योग्य ठिकाणी जाईल. पाटीवर चेनचं नाव असतं, इमारत बहुतेक वेळा दुसऱ्याच मालकाची असते. तुम्ही पॉइंट्सवर राहिलात की चेन त्या मालकाला पैसे देते, पण हॉटेल जवळजवळ भरलेलं नसेल तर फार थोडे. भरलं असेल तर रोखीच्या सरासरी दराजवळ जाणारे. साहजिकच मालकाच्या लेखी तुम्ही कमी पैशांचं गिऱ्हाईक. ‘ब्लॅकआउट डेट्स (पॉइंट्स न चालणाऱ्या तारखा) नाहीत’ अशी जाहिरात असते, पण वचन फक्त ‘स्टँडर्ड’ खोल्यांचं असतं, आणि स्टँडर्ड कशाला म्हणायचं ते हॉटेल ठरवतं. त्याच मापाच्या खोलीला ‘सिटी व्ह्यू’ किंवा ‘हाय फ्लोअर’ असं नाव दिलं की ती स्टँडर्डमधून बाहेर! हिल्टनमध्ये मग तीच ‘प्रीमियम’ म्हणून दुप्पट-तिप्पट पॉइंट्सना दिसते. ती कधीही घेऊ नका.

याचा सर्वांत मोठा फटका कुटुंबाला बसतो. स्टँडर्ड म्हणून पुष्कळदा एक किंग बेडची खोली उरते, दोन क्वीनची वरच्या दरात ढकललेली असते. शोधताना माणसांचा खरा आकडा टाका. दोघे टाकून चौघे पोचलात तर आगीपासून सुरक्षेसाठी खोलीत किती माणसं चालतात तो नियम दाखवून नकार देतील, आणि त्यात ते चुकीचेही नसतील.

आणि आईबाबांसाठी बुकिंग करणाऱ्यांनो, हे नीट वाचा. पॉइंट्स तुमचे, राहणार ते. सभासद हजर नसेल तर काउंटरवर सरळ अडवू शकतात. आधी चेनला फोन करून बुकिंग त्यांच्या नावावर करून घ्या, नाव पासपोर्टप्रमाणे, आणि मग हॉटेललाही फोन करून ते दिसतंय का विचारा. चेक-इनला किरकोळ खर्चासाठी रात्रीला ५० ते १०० डॉलर होल्ड लागतो, म्हणजे तेवढी रक्कम कार्डावर अडवून ठेवतात. पुण्याहून आणलेलं फॉरेक्स कार्ड दिलं तर तेवढे पैसे अडकतात आणि परत यायला कित्येक दिवस जातात, तोवर सहल संपलेली असते. क्रेडिट कार्डच द्यायला सांगा. सत्तरीच्या माणसाला परक्या देशात बॅगांसकट लॉबीत उभं करणारी ही व्यवस्था स्वतःला ‘हॉस्पिटॅलिटी’ म्हणवते!

पार्किंग: डाउनटाउनमध्ये व्हॅलेचे (हॉटेलचा माणूस गाडी लावून आणतो त्याचे) रात्रीला ५०-६० डॉलर सहज घेतात, पॉइंट्सवर असलात तरी. जवळचं गॅरेज स्पॉटहिरो या पार्किंगच्या अ‍ॅपवर आधी बघा, आणि गाडी रात्रीतून बाहेर काढून परत आत आणता येते का ते वाचा. नाश्ता: कोर्टयार्डमध्ये सर्वांना मोफत नसतो. फेअरफील्ड, हॅम्प्टन, हॉलिडे इन एक्सप्रेसमध्ये असतो. चौघांचा नाश्ता बाहेर ६० डॉलरच्या घरात जातो, दोन हॉटेलांची तुलना करताना तो धरा.

निघताना बिल ईमेलवर येईल म्हणून तसंच बाहेर पडू नका. काउंटरवर छापून घ्या. पॉइंट्सच्या प्रत्येक रात्रीपुढे खोलीभाडं शून्य आणि टॅक्स शून्य दिसला पाहिजे. हिल्टन-हायॅटमध्ये फी लागली असेल तर तिथेच काढायला लावा. ‘सिस्टिमने आपोआप लावलीय’ म्हणाले तर मॅनेजरला बोलवा आणि दुरुस्त बिल हातात पडेपर्यंत काउंटर सोडू नका.