आयरिसच्या गड्ड्यांवर मल्च टाकणं बंद करा!

एप्रिल आला की न्यू जर्सीत दारोदार मल्चचे ट्रक उभे राहतात आणि माझा संताप सुरू होतो. बुटके बियर्डेड आयरिस, म्हणजे पाकळीवर दाढीसारखी लव असलेली, गड्ड्यातून वाढणारी फुलझाडं, ऐन कळीवर आलेली असताना त्यांच्यावर तीन-तीन इंच लाकडाचा चुरा ओततात! अरे, या बुटक्यांतल्या स्टँडर्ड ड्वॉर्फ प्रकाराची उंचीच 8 ते 16 इंच, मिनिएचर ड्वॉर्फ तर 8 इंचांच्याही आत. हायड्रेंजियासारख्या मोठ्या झुडपाला जे माप, तेच यांना?

गड्डा हळकुंडासारखा दिसतो म्हणून काय हळदीसारखा पुरायचा? मुळं मातीत पसरलेली आणि गड्ड्याची पाठ उघडी, उन्हात तापलेली, अशीच त्याची लागवड असते. अगदी रेताड जमिनीत वर अर्धा इंच माती चालेल. आपल्याकडच्या चिकणमातीत तेवढीही नको. मल्चखाली ओल कोंडते, जिवाणूंची मऊ कुज लागते, पानांचा पंख्यासारखा झुबका ओढला की अलगद हातात येतो आणि खाली घाण वासाचा लगदा! मग म्हणायचं, “आयरिस नाजूक असतात.” नाजूक कसले? थंडीत गोठूनही तग धरतात, मारतो आपण!

त्यात लॉनचा स्प्रिंकलर रोज यांच्यावर, लॉनचं नायट्रोजनवालं खतही यांनाच. त्यानं पानं लुसलुशीत होतात, कुज आणखी लवकर शिरते. दुकानंही कमी नाहीत. वसंतात विकायच्या कुंड्यांत गड्डे खोल पुरलेले, आणि लोक ते तसेच्या तसे जमिनीत लावतात! कुंडीतून काढल्यावर वरची माती झटका ना. गड्डे विभागून लावायचे ते फुलं झाल्यावर, जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, दर तीन वर्षांनी.

कुज दिसली तर गड्डा उपटा, चमच्यानं पांढरा टणक भाग लागेपर्यंत खरवडा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवा, दोन-तीन दिवस कोरड्या जागी वाळवा, मगच लावा. शरदात वाळकी पानं वाफ्यात ठेवू नका. आयरिस बोरर या पतंगाची मादी त्यांच्यावरच अंडी घालते, वसंतात अळी पानातून पोखरत थेट गड्ड्यात उतरते.

आणि मल्च टाकणारे लँडस्केपवाले (बागकामाचे कंत्राटदार) येण्याआधी वाफ्याभोवती काठ्या रोवून दोरी बांधा, तोंडानंही बजावा. तरी मल्च पडलाच तर त्याच दिवशी हातानं बाजूला करा. फावडं लावू नका, गड्ड्याला जखम झाली की कुज तिथूनच शिरते.