मोफत आरोग्य शिबिर भरवू इच्छिणाऱ्या विश्वस्तांस

आपल्या धर्माची, पंथाची अथवा महाराजांची महती जत-आटपाडीच्या गावोगावी पोहोचवायची असेल, तर नुसते प्रवचन ठेवू नये. जोडीला रक्तदाब व साखरेची मोफत तपासणी ठेवावी, म्हणजे मंडप भरतो. तपासणी आधी उरकली की माणसे गोळ्या घेऊन घरची वाट धरतात, म्हणून केसपेपर सकाळी नऊला द्यावेत, डॉक्टरांना साडेअकराला बोलवावे आणि मधला वेळ उपदेशासाठी राखावा. साखर तपासायला उपाशीपोटी आलेला माणूस फारसे प्रतिप्रश्न करत नाही.

मिरजेच्या जुन्या मिशनऱ्यांचे अनुकरण मात्र कटाक्षाने टाळावे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडले आणि धर्मोपदेशही केला. पण त्याचबरोबर शस्त्रक्रिया केल्या, डॉक्टर घडवले, वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. एवढ्या खटाटोपाचे फळ काय, तर दूरदूरचे लोक ऑपरेशनसाठी मिरजेला येत राहिले आणि बहुतेक सारे आपापला धर्म घेऊनच बरे होऊन परत गेले. जवळपास चार दशके एका गावात घालवून पदरात एवढेच पडणार असेल, तर एका रविवारचे शिबिर केव्हाही किफायतशीर.

गोळ्या पाच दिवसांच्या द्याव्यात. रक्तदाबाच्या गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात हे खरे, परंतु सहाव्या दिवसापासूनची जबाबदारी परमेश्वरावर सोपवण्यातच रुग्णाच्या श्रद्धेची कसोटी आहे. पाकिटावर मात्रा बारीक अक्षरांत आणि संस्थापकांचे छायाचित्र ठळक असावे.

पत्रकात ‘मधुमेह समूळ बरा’ असे चुकूनही छापू नये. जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यातील यादीत मधुमेह आहे, कर्करोग आहे, मोतीबिंदूसुद्धा आहे. तेच वाक्य एखाद्या भक्ताने माईकवर गहिवरून सांगितले, तर त्याला अनुभवकथन म्हणतात. साप किंवा विंचू चावलेला माणूस आलाच, तर त्याच्यापुढे प्रार्थनेचा आग्रह धरू नये. त्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, शिवाय असा रुग्ण निकाल फार लवकर देतो. रक्तदाब त्या मानाने समजूतदार आजार आहे.

एखादा तरुण डॉक्टर केसपेपरवर ‘शस्त्रक्रिया आवश्यक’ असे लिहू लागला, तर त्याला सन्मानाने चहाला न्यावे. ज्यांना बरे वाटेल त्यांची नावे स्मरणिकेसाठी टिपून घ्यावीत, आणि उरलेल्यांसाठी सांगलीच्या सिव्हिलला जाणारी एसटी कितीला सुटते, ते स्वयंसेवकांनी आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.