फलाट क्रमांक समुद्र

मालदीवच्या विमानतळाचं दार उघडून बाहेर आलं की समोर चार पावलांवर धक्का आणि धक्क्याला लागलेल्या बोटी. आपल्याकडे जिथे गाड्या लावतात तिथे त्यांच्याकडे समुद्र आहे. टॅक्सी नाहीत असं नाही, पण पुलावरून राजधानी माले आणि शेजारचं हुलहुमाले एवढ्यावर त्यांची धाव संपते. उरलेला देश पाण्यात. आणि हा उरलेला देश म्हणजे जवळपास सगळाच देश, कारण बेटं १,१९२.

विमानतळ स्वतःही एक बेटच आहे. नाव हुलहुले. उतरताना खिडकीतून शेवटपर्यंत नुसतं निळं पाणी दिसत राहतं, विमान खाली खाली जात राहतं आणि जमीन काही येत नाही. ताईने डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं होतं. तिचा शेवटचा श्लोक आणि चाकाखालचं डांबर एकदमच आलं, त्यामुळे विमान वैमानिकाने उतरवलं हे ती आजही पूर्णपणे मान्य करत नाही.

आमच्या मंडळींची रचना सांगायला हवी. ताईचा मुलगा ओंकार आणि सून मृण्मयी यांच्या लग्नाचा पहिला वाढदिवस. त्यांनी पाण्यावरच्या लाकडी घरांचं एक रिसॉर्ट ठरवलं. मुंबईहून विमान थेट, तिकिटं स्वस्त, तेव्हा ताई म्हणाली, "आपणही जाऊ की. त्यांच्यात लुडबुड नको, आपण वेगळ्या बेटावर राहू." म्हणून ती, भावोजी आणि मी अशा तिघांचं माफुशी नावाच्या बेटावर साध्या गेस्ट हाउसमध्ये बुकिंग झालं. सासू आणि सुनेच्या मध्ये समुद्र ठेवण्याची सोय फार थोड्या देशांत आहे, आणि मृण्मयीने ती ओळखून लगेच संमती दिली असावी.

भावोजी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म स्टँडवरच्या त्या खिडकीत गेला. कुठलंही वाहन पाहिलं की ते कुठून सुटलं, किती वाजता सुटायला हवं होतं आणि उशिराचं कारण काय, हे तीन प्रश्न त्यांना पडतात. या माणसाला मालदीवला नेणं म्हणजे काय, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

सुरुवात बरी झाली. मालदीवला जाणाऱ्याने पोचण्याच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' नावाचा एक फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. भावोजींनी ९५व्या तासाला पाचही जणांचे भरले, प्रिंट काढल्या आणि लॅमिनेट करून आणल्या. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या मुलीने तो प्लास्टिकचा तुकडा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि अतिशय नम्रपणे परत दिला. व्हिसा तिथेच, फुकट. "मुक्काम कुठे?" तिने ताईला विचारलं. ताई म्हणाली, "मालदीव." त्यावर मुलीने रांगेकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

विमान मुंबईहून दोन तास उशिरा सुटलं होतं. पण मालेचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. भावोजींनी वहीत नोंद केली: 'उशीर २ तास, पैकी अर्धा तास देशाने भरून काढला.'

कस्टम्सपाशी बॅगा एक्स-रेतून जातात. मालदीवमध्ये दारू आणता येत नाही, डुकराचं मांस आणता येत नाही आणि पूजेच्या मूर्तीही आणता येत नाहीत. हे आधी वाचलेलं असल्याने ताईने प्रवासातले देव शेजारच्या काकूंकडे ठेवले होते, रोजच्या नैवेद्याच्या लेखी सूचनांसह. आमच्या पुढच्या एका गृहस्थांनी मात्र मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून बाटली घेतली होती. तिथल्या अधिकाऱ्याने ती शांतपणे काढून घेतली आणि पावती दिली. परत जाताना दाखवा, बाटली न्या. गृहस्थ ती पावती अशी धरून उभे होते की जणू मूल पाळणाघरात सोडून निघाले आहेत. आमच्या बॅगेत निघाली थालीपीठाची भाजणी. दोन किलो, करड्या रंगाची, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली. अधिकाऱ्याने विचारलं हे काय. ताईने ज्वारीपासून धण्यांपर्यंत सगळी धान्यं मराठीत सांगितली. चण्याच्या डाळीपर्यंत आल्यावर त्याने हात जोडले.

आता तिथे नवी मोठी टर्मिनलची इमारत झाली आहे. आम्ही गेलो ती जुनी इमारत होती, आणि तिच्या बाहेर रिसॉर्टांच्या काउंटरांची लांबच लांब रांग. प्रत्येक काउंटरमागे इस्त्रीच्या कपड्यातली मंडळी, हातात पाटी, चेहऱ्यावर हसू. इथे तुम्ही कोण आहात हे पासपोर्टवरून नव्हे, पाटीवरून ठरतं. ओंकारची पाटी चकचकीत, धातूची. त्यांना गार रुमाल मिळाले, पाणी मिळालं, बॅगा आपोआप पुढे गेल्या. आमच्या गेस्ट हाउसच्या पोऱ्याकडे वहीचा कागद होता आणि तो म्हणाला, "कम."

पण आधी मुलांना मार्गी लावायचं होतं, आणि इथून भावोजींची खरी परीक्षा सुरू झाली. ओंकारच्या रिसॉर्टला सीप्लेनने जायचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या पंधराएक आसनांच्या विमानाने.

"किती वाजता सुटतं?" भावोजींनी काउंटरवर विचारलं.

उत्तराचा सारांश असा, की ठरावीक वेळ नसते. त्या दिवशी कुठल्या कुठल्या बेटांवर किती माणसं जायची आहेत ते बघून आदल्या दिवशी फेऱ्या लावतात, आणि एखादं विमान उशिरा आलं की पुन्हा लावतात. वाटेत दोन-तीन रिसॉर्टांना थांबत जातं.

भावोजी काउंटरवर हात टेकून उभे राहिले. "म्हणजे आधी प्रवासी बघतात आणि मग वेळापत्रक करतात?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "अगं, हे उलटं आहे! आपण आयुष्यभर वेळापत्रक केलं आणि प्रवाशांनी बघून घेतलं."

शिवाय सीप्लेन फक्त उजेडात उडतं. वैमानिक डोळ्यांनी पाणी बघून उतरवतो. समुद्रात दिवे नाहीत की आखलेली पट्टी नाही. शेवटची उड्डाणं चारच्या सुमारास. संध्याकाळी मालेला उतरणाऱ्याची रात्र इथेच, स्वखर्चाने. एका माणसाचं या विमानाचं जाण्या-येण्याचं भाडं मुंबई-मालेच्या तिकिटापेक्षा जास्त पडतं, हा आकडा आम्ही ताईपासून लपवला होता. तो तिने काउंटरवरच्या पाटीवर वाचला.

आणि वजन. सामान माणशी २० किलो, वर ५ किलोची हातातली पिशवी. त्यापुढे प्रत्येक किलोला डॉलर. ओंकारची बॅग काट्यावर ठेवली तर २३ च्या पुढे. त्याने आश्चर्याने बॅग उघडली. आत स्टीलचा डबा, डब्यात रव्याचे लाडू. मृण्मयीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने आईकडे, आणि ताईने काट्याकडे. "काटा खोटा आहे," ती म्हणाली.

जगातल्या अत्यंत महागड्या सुट्टीच्या दारात आमचं कुटुंब जमिनीवर उकिडवं बसून बॅगा उपसत होतं. लाडवांचं भाडं लाडवांपेक्षा जास्त होतं, तेव्हा लाडू आमच्याकडे आले. ओंकारच्या बॅगेतली माझी पुस्तकं मृण्मयीच्या पिशवीत गेली, कारण पिशवीला जागा होती. ओंकारचे बूट त्याने पायांत घातले. हे सगळं तो पाटीवाला हसऱ्या चेहऱ्याने बघत होता. त्याने याहून वाईट पाहिलेलं असणार. शेवटी मुलं बसमध्ये चढून सीप्लेनच्या टर्मिनलकडे गेली, आणि आमच्या लक्षात आलं की आमची चारची बोट निघून गेली आहे.

पुढची सहाला. त्यातून तो शुक्रवार. मालदीवची आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. मालेहून माफुशीला दीड तासात नेणारी सरकारी फेरीबोट स्वस्त आहे, पण शुक्रवारी ती बंद. हे भावोजींना घरीच ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी खासगी स्पीडबोट ठरवली होती. धक्क्यावर एक जर्मन जोडपं मात्र मालेला जाऊन, फेरीविना परत येऊन बसलं होतं. भावोजींनी त्यांना पाणी दिलं आणि अशा सहानुभूतीने पाहिलं जशी ते शेवटची गाडी चुकलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहत असतील.

दोन तास बसायचं होतं, तेव्हा मी मोबाइलवर विमानतळाची माहिती वाचून दाखवली. १९६० साली इथे लोखंडी पत्रे अंथरून पहिली धावपट्टी केली. मग लोकांनी श्रमदानाने डांबरी केली. २०११ मध्ये विमानतळाला माजी राष्ट्राध्यक्ष इब्राहिम नासिर यांचं नाव दिलं, आणि २०१७ मध्ये ते बदलून 'वेलाना' केलं. हे त्यांच्याच घराण्याच्या घराचं नाव. भावोजींना हे फार आवडलं. "बघ, नाव बदललं आणि माणूसही तोच राहिला," ते म्हणाले. "आपल्याकडे यावर चार मोर्चे निघाले असते." मी विषय बदलला, कारण विमानतळांच्या नावांवर त्यांची मतं आहेत आणि बोटीला वेळ होता.

तेवढ्यात ओंकारचा व्हिडिओ आला. सीप्लेनमध्ये वैमानिक दिसत होता. वर पांढरा सदरा, खांद्यावर पट्ट्या, खाली अर्धी चड्डी आणि पाय अनवाणी. तिथे ती पद्धतच आहे. भावोजींनी व्हिडिओ थांबवून पाय मोठे करून पाहिले. "आमच्या डेपोत चप्पल घालून ड्यूटीवर आला म्हणून मेमो काढलाय मी," ते हळूच म्हणाले.

सहाची बोट सहाला सुटली. हे भावोजींना इतकं अनपेक्षित होतं की ते अजून पोऱ्याशी पुढच्या सीटबद्दल बोलत होते. स्पीडबोटीत पुढची सीट मागू नये. पुढचा भाग लाटेवर चढतो आणि आपटतो; मागे बसलेल्यांना फक्त आवाज ऐकू येतो. पण एसटीत ड्रायव्हरमागची सीट म्हणजे मानाची, हा संस्कार खोल. अंधार पडलेला, काचेवर पाणी, बोट पाण्यावरून उड्या मारत निघालेली आणि प्रत्येक उडीला भावोजी हातभर वर. ताईच्या मांडीवर लाडवांचा डबा होता. डब्यातून येणारा आवाज पहिल्या दहा मिनिटांत बदलला, तेव्हाच मला कळलं की लाडवांचा परत रवा झाला.

माफुशी विमानतळापासून सुमारे २७ किलोमीटर. उतरल्यावर धक्क्यावर ढकलगाडी घेऊन एक जण आला, सामान त्यावर चढलं आणि आम्ही मागून चालत निघालो. या बेटावर देशातला एक मोठा तुरुंग आहे, ही माहिती त्याने वाटेत सहज दिली. ताई थांबली. "मुलाला पाण्यावरचा बंगला आणि आपल्याला हे," ती म्हणाली.

रात्री फोन. ओंकार म्हणाला, "आत्ता नऊ वाजलेत, जेवून झालं." आमच्या घड्याळात आठ. घरी शेजारच्या काकूंना देवांची खुशाली विचारायला फोन केला, तर तिथे साडेआठ. भावोजी वेडे व्हायचे बाकी होते. बरीच रिसॉर्टं आपलं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. कायदा नाही, सरकार नाही, बेटाच्या मालकाला वाटलं आणि सूर्य तासभर उशिरा बुडायला लागला. भावोजींनी वहीचं पान उभं तीन भागांत आखलं: माले, मुलं, मुंबई. त्यानंतर सुट्टीभर ते समुद्र कमी आणि ते पान जास्त बघत होते.

परतीच्या दिवशी "अकराला विमानतळावर भेटू" एवढं ठरवायला तीन फोन लागले, कारण प्रत्येक वेळी कुणाचे अकरा हा प्रश्न निघे. सीप्लेनची वेळ तर ओंकारला आदल्या संध्याकाळीच कळली, आणि सकाळी पाऊस आल्याने तीही पुढे गेली.

आम्ही सकाळच्या बोटीने येऊन बाकावर बसलो होतो. एव्हाना भावोजींच्या वहीत माफुशीच्या सगळ्या बोटींच्या वेळा, ज्या खरोखर सुटल्या त्या, वेगळ्या रकान्यात होत्या. आमच्या गेस्ट हाउसचा तोच पोऱ्या पाहुणे घ्यायला आलेला. त्याने वही पाहिली, आपला कागद भावोजींच्या हातात दिला, "टू मिनिट्स" म्हणाला आणि चहाला गेला.

भावोजी उठले. सदरा नीट केला. कागद छातीशी धरून दारासमोर उभे राहिले. पहिलं जोडपं आलं, त्यांनी नाव विचारलं, वहीत खूण केली आणि धक्क्याकडे बोट दाखवलं. "बोट, ट्वेल्व्ह. लगेज फर्स्ट. सीट बॅक साइड, नॉट फ्रंट." जोडपं मान डोलावून निघालं. त्यामागे आणखी दोघं. एका बाईंनी तर त्यांचं काही नसताना मालेच्या बसचं विचारलं आणि तिलाही उत्तर मिळालं.

तेवढ्यात ओंकार आणि मृण्मयी उन्हाने लाल होऊन, धावत आले. "बाबा, चला, चेक-इन बंद होईल!"

भावोजींनी वळूनही पाहिलं नाही. "तू आईला घेऊन पुढे हो," ते म्हणाले. "माझी अजून चार माणसं यायची आहेत."