कोमट

२०२४ च्या ४ नोव्हेंबरला, सोमवारी, पहाटे साडेपाचला फोन हातात घेतला तर कोल्हापूरचे सगळे ग्रुप पेटलेले. तिकडे दुपारचे चार वाजले होते. विधानसभेचे अर्ज मागे घ्यायची मुदत तासाभरापूर्वी संपली होती आणि कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपतींनी शेवटच्या काही मिनिटांत माघार घेतली होती. काँग्रेसचे नेते सतेज पाटील संतापल्याचा व्हिडिओ मला सात जणांनी पाठवला. आधी तिकीट राजेश लाटकरांना, मग ते काढून राजघराण्यात, लाटकर अपक्ष, आता राजघराणंच बाहेर. म्हणजे उत्तरच्या यंत्रावर पंजाच नाही! धाकट्या भावानं खाली लिहिलं होतं, "ताई, तुमच्यात पण ऐनवेळी माघार, आमच्यात पण. मग अमेरिका अमेरिका म्हणून काय सांगत असतीस?"

तुमच्यात म्हणजे बायडन. २१ जुलैला ते बाजूला झाले आणि कमला हॅरिस उमेदवार झाल्या. या वर्षी एकाही राज्यात प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची पक्षातली निवडणूक, न लढता. भावाला द्यायला मला उत्तर सुचलं नाही. आणि त्याच दिवशी दुपारी मला हॅरिसबाईंच्याच सभेला जायचं होतं.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागून आता चार-पाच दिवस झाले. अध्यक्ष निवडताना आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याची म्हणून जी १९ मतं धरतात, ती सगळी ट्रम्पना गेली, मतदारांच्या लाखाहून जास्त मतांच्या फरकानं. परवा एक जवळची मैत्रीण फोनवर म्हणाली, "तुमच्यासारख्या कोमट लोकांनी घात केला." तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले. लांबेल. चहा घेऊन बसा.

मी बेथलेहेमला राहते. गोल्डन गेट पुलाचं पोलाद ज्या बेथलेहेम स्टीलनं दिलं, तेच गाव. कारखाना कधीच बंद पडला, भट्ट्या तेवढ्या गंजत उभ्या आहेत, शेजारी कॅसिनो आलाय. आमचं घर नॉर्थॅम्प्टन काउंटीत येतं. या काउंटीनं दोनदा ओबामा, मग ट्रम्प, मग बायडन असं प्रत्येक वेळी जिंकणाऱ्यालाच मत दिलंय, आणि या वेळीही तेच केलं. त्यामुळे निवडणूक आली की आमची अवस्था मुंजीतल्या बटूसारखी होते. जो येतो तो भिक्षा घालून जातो. पत्रपेटी उघडली की गुळगुळीत कागदांचा गठ्ठा खाली पडतो. यूट्यूबवर भाकरीचा व्हिडिओ लावला तरी आधी दोन जाहिराती. दाराशी येणाऱ्या पोरांची नावं मला पाठ झाली होती.

तर, कोमट. आपल्याकडे कोमट पाण्याला केवढा मान आहे! सकाळी अनशापोटी लिंबू पिळून पितात. कोमट माणसाला मात्र कुणी विचारत नाही. मी हॅरिसबाईंना मत देणार हे ऑगस्टपासून ठरलेलं होतं. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पसमर्थक संसदेत घुसले, तेव्हा मी दिवसभर टीव्हीसमोर बसून होते. ते विसरून दुसरीकडे मत देणं मला जमण्यातलं नव्हतं. पण ठरणं वेगळं आणि उकळी फुटणं वेगळं. २०१९ मध्ये याच बाई फ्रॅकिंगवर, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढण्यावर, बंदी आणा म्हणत होत्या, या वेळी पेनसिल्व्हेनियात येऊन बंदी आणणार नाही म्हणाल्या. मन बदलायला माझी हरकत नाही, पण का बदललं ते सांगा की! ऑक्टोबरात टीव्हीवर त्यांना विचारलं, बायडनपेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतं? तर म्हणे, तसं काही डोळ्यासमोर येत नाही. मी भांडी घासत होते, हातातली कढई सिंकमध्ये आपटली. अहो, सुनेला विचारलं सासूपेक्षा वेगळं काय केलं असतंस, तर ती अख्खी वही भरून देईल.

आणि ते "आपली बाई" प्रकरण. आई श्यामला गोपालन, आजोळ तमिळनाडूतलं, तुळसेंद्रपुरमच्या देवळात पूजा. मला अभिमान वाटावा असं सगळ्यांना वाटतं. वाटतो थोडा. पण आपली म्हणून मत द्यायचं तर मी कोल्हापूर सोडलंच कशाला? तिकडेही तेच चालतं. दुसऱ्या बाजूचंही तसंच. ट्रम्पनी दिवाळीच्या शुभेच्छांत बांगलादेशातल्या हिंदूंचा उल्लेख केला, तर आमच्या इथल्या भारतीय ग्रुपवर लोकांनी तो संदेश लक्ष्मीपूजनाच्या फोटोंपेक्षा जास्त फिरवला. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या पोरांबद्दल दोघांपैकी कुणी धड बोललं असेल तर सांगा. आमच्या ग्रुपवर निम्मे लोक त्याच रांगेत आहेत, आणि त्यांना मतच नाही.

मुलीचं आणखी वेगळं. ती वीस वर्षांची, गाझावरून पेटलेली, तिसऱ्याच, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइनना मत देणार म्हणत होती. तिच्या दृष्टीनं मी कोमटसुद्धा नाही, गारठलेली. "आई, तू हॅरिसना एकदा तरी समोर ऐक आणि मग सांग," असं तीच म्हणाली. म्हणून गेले.

सभा ॲलनटाउनला, म्युलनबर्ग कॉलेजच्या जिममध्ये. मतदानाच्या आदल्या दिवशी बाई पेनसिल्व्हेनिया पालथं घालत होत्या: स्क्रँटन, ॲलनटाउन, रेडिंग, पिट्सबर्ग, रात्री फिलाडेल्फिया. ट्रम्पही त्याच दिवशी रेडिंग आणि पिट्सबर्गला. महाराष्ट्रात एका दिवसात पाच सभा म्हणजे हेलिकॉप्टर आणि धूळ. इथे म्हणजे रांग. नाव नोंदवताना फोन नंबर द्यावा लागतो, आणि तिथून पुढे दर दोन तासांनी पंचवीस डॉलर मागणारे मेसेज. आपल्याकडे सभेला माणसं पैसे देऊन ट्रकनं आणतात, इथे माणसाकडूनच पैसे मागतात. गाडी दीड मैलावर लावून चालत गेले.

आदल्या दिवशीच भाऊबीज झालेली. पर्समध्ये डब्यात सहा चकल्या होत्या, कारण रांगेचा अनुभव जुना. सुरक्षा तपासणीला निळे हातमोजे घातलेल्या माणसानं डबा उघडला, एक चकली उचलून उजेडात धरली, गोल गोल फिरवून पाहिली. मी म्हटलं, खायचं आहे. तो म्हणाला, खायचं आत न्यायचं नाही. मागच्या बाईनं मान पुढे काढून विचारलं, "चुरो?" मी म्हटलं, बहीण समज. तिला दोन दिल्या, एक तिथेच तोंडात टाकली, उरलेल्या तीन पिंपात. भाजणी आईनं पाठवलेली होती हो. राजकारणात मी एवढाच त्याग केलाय.

ती बाई पोर्तो रिकोची, इथल्याच एका गोदामात शिफ्ट करणारी. ॲलनटाउन निम्म्याहून अधिक लॅटिनो आहे. आठवडाभर आधी न्यूयॉर्कच्या सभेत एका विनोदवीरानं पोर्तो रिकोला कचऱ्याचं तरंगतं बेट म्हटलं होतं, तेव्हापासून ती धुमसत होती. चकली कुरकुर चावत म्हणाली, "माझा भाऊ तरीही ट्रम्पलाच देणार. त्याला अंड्यांचा भाव दिसतो." मी म्हटलं, भाऊ असेच असतात. तेवढ्यात रांग हलली.

दारातून आत शिरले तर हातात पुठ्ठा घेतलेला एक पोरगा माणसं निवडत उभा. तुम्ही, तुम्ही, आणि तुम्ही. माझ्याकडे बोट. खणाचा कुर्ता घातला होता, दिवाळीतला, जांभळा. हातात कागदी पट्टा बांधला आणि मला थेट व्यासपीठामागच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं. म्हणजे टीव्हीवर उमेदवाराच्या मागे जे चेहरे दिसतात ना, आनंदानं फुललेले, त्यांच्यात! मी त्याला म्हटलं, बाळा, मी तेवढी उत्साही नाहीये. तो हसला. त्याला विनोद वाटला. माझ्या डाव्या हाताला निवृत्त फायरमन, उजव्या हाताला नर्स, पुढे कॉलेजची दोन पोरं. रुखवत मांडावं तसं आम्हाला मांडलं होतं. सूचना अशा: भाषण चालू असताना फोन बघू नका, उठून जाऊ नका, आणि फलक वर धरा. मला "यूएसए" आला.

मागच्या जागेची एक गंमत सांगते. कर्णे सगळे समोर तोंड करून, त्यामुळे आम्हाला भाषण विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. दिसते ती फक्त पाठ. मी अमेरिकेची अध्यक्ष होऊ घातलेली बाई पंधरा-वीस फुटांवरून पाहिली, आणि माझ्या आठवणीत आहे तो तिच्या कोटाचा खांदा.

आधी रॅपर फॅट जो बोलला, लॅटिनो लोकांना तुमचा अभिमान कुठे गेला म्हणून खडसावून. जिम हादरलं. मग बऱ्याच वेळानं बाई आल्या आणि माझी परीक्षा सुरू झाली. कारण कोमट माणसाला समोर गर्दीत लपता येतं, कॅमेऱ्यात नाही. दर वाक्याला ठरवायचं, टाळी की नाही.

म्हाताऱ्यांची घरी देखभाल करायचा खर्च मेडिकेअरमधून, म्हणजे त्यांच्या सरकारी आरोग्य विम्यातून देऊ, म्हणाल्या. वाजवली, जोरात. माझी आई राजारामपुरीत दिवसभराच्या बाईच्या भरवशावर आहे. तिला मेडिकेअर मिळणार नाही हे कळतं मला, पण हात आपोआप गेले. किराण्यात लूट करणाऱ्यांवर बंदी आणू, म्हणाल्या. नाही वाजवली. मी उसाच्या पट्ट्यातली आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सरकार ठरवतं आणि ती मिळवायला शेतकरी रस्त्यावर बसतो, हे बघत मोठी झालेय. भाव बोलून उतरत नाहीत. गर्भपाताचा हक्क, वाजवली, उभी राहून. जे माझ्याशी असहमत आहेत तेही माझ्या टेबलाशी बसतील, म्हणाल्या. इथे अर्धी वाजवली. म्हणजे दोन्ही हात जवळ आणले आणि थांबले. मी असहमत आहेच की, बाई! पण तुमच्या टेबलाशी बसून मला फलक धरायला लावलाय. ट्रम्पचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, शेवटच्या दिवसांत त्यांनी ते बंदच केलं होतं. ते मात्र मनापासून आवडलं. "आपण मागे जाणार नाही," असा गजर झाला तेव्हा फायरमनकाकांनी माझा फलकाचा हात धरून वर केला. अर्ध्या तासाच्या आत सगळं उरकलं.

सभा वाईट नव्हती. पण ती माझ्यासाठी नव्हती. ज्यांचं शंभर टक्के ठरलंय त्यांना एकशेदहा करायला ती होती. आणि मला आणलं होतं भिंतीवरच्या तसबिरीसारखं. मतदानाला चोवीस तास नाहीत, अजून कुंपणावर बसलेली माणसं आहेत, आणि तुम्ही आमच्याकडे पाठ करून बोलताय. व्यवस्थाच तशी असते, बाई तरी काय करणार, हे मान्य. पण मग निकालानंतर आमच्यावर का घसरता?

२०२० मध्ये बायडननी नॉर्थॅम्प्टन काउंटी जिंकली ती हजारबाराशे मतांनी. ती मतं काय सगळी उकळत्या भक्तांची होती? मी तेव्हाही कोमटच होते. आमच्या गल्लीतला प्लंबरही. तो या वेळी तिकडे गेला आणि आमच्या खासदार सुझन वाइल्डही पडल्या. त्याच्या घरी मेसेज गेले, कागद गेले, पोरं गेली, पण त्याच्याशी वाद घालायला कुणी बसलं नाही. मी ५ तारखेला सकाळी सातला केंद्रावर होते. बारीक पाऊसही नव्हता की त्याचं कौतुक सांगावं. शाईही लावत नाहीत इथे. मत दिलं, ऑफिसला गेले. माझ्या मताला माझ्या मैत्रिणीच्या मतापेक्षा एक गुंजही कमी वजन नव्हतं. मुलगीही शेवटी कुणाला देऊन आली ते मी विचारलं नाही.

सभेच्या रात्री भावाचा फोटो आला होता. त्यानं व्हिडिओतून कापून काढलेला. हॅरिसबाईंच्या डाव्या खांद्यावर दात दाखवणारी दोन पोरं, हात उंचावलेला फायरमन, आणि मधे लाल गोल केलेली जांभळी मी, "यूएसए" उलटा धरलेला.

खाली लिहिलं होतं, "ताई, ही तूच न्हवं? कारखान्यानं बिल थकवल्यासारखं तोंड का केलंयस?"