फुलीची भानगड

२००४ ची गोष्ट. मावसभावाने अमेरिकेत नवीन घेतला म्हणून जुना पॉकेट पीसी, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, माझ्या गळ्यात मारला. गळ्यात कसला, कमरेला, पट्ट्याला अडकवायच्या पाऊचसकट. साडेतीन इंची स्क्रीन, ६४ एमबी रॅम आणि हरवण्यासाठीच बनवलेली स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर टेकवायची काडी. आठवडाभर ऑफिसात मिरवलो, मग गडी असा सुस्तावला की कॅलेंडर उघड म्हटलं की आधी विचार करायचा.

कारण कळलं तेव्हा डोक्याला हात लावला. वर उजवीकडे ती फुली असते ना, ती दाबून प्रोग्राम बंद होतच नव्हता, नुसता नजरेआड व्हायचा! मी कॅल्क्युलेटर, वर्ड, सॉलिटेअर सगळ्यांना फुली मारून निरोप देतोय आणि मंडळी आत रॅममध्ये पंगत मांडून बसलीयेत, पानावरून उठायला कोणी तयार नाही. मेमरी अगदीच कमी पडली की सिस्टिम स्वतःच जुन्यांना उठवेल, अशी म्हणे मूळ कल्पना. खरंच बंद करायचं तर स्टार्ट, सेटिंग्ज, सिस्टिम, मेमरी, रनिंग प्रोग्राम्स, आणि मग स्टॉप. तेवढ्यात आईचे पाव किलो मटार सोलून व्हायचे.

म्हणून एक फुकटातला टास्क स्विचर टाकला. फुली दाबली की प्रोग्राम खरंच बंद, दाबून धरली की नुसता मागे. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी बघितलं तर नवीन अपडेट आलेलं.

अपडेट म्हणजे काय प्रकार होता तेव्हा! डायल-अपवर ते उतरवायचं (घरचा फोन एंगेज, आत्या बाहेरून फोन लावून थकलेली), मग हँडहेल्ड पाळण्यात, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या स्टँडमध्ये बसवायचा, दोघांना जोडणाऱ्या अ‍ॅक्टिव्हसिंक प्रोग्रामची मनधरणी करून कॅब फाइल (इन्स्टॉल करायची फाइल) आत ढकलायची आणि शेवटी सॉफ्ट रीसेट, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करायला बारीक भोकात स्टायलसचं टोक खुपसायचं. "काय रे सारखं टोचत असतोस त्याला," आई म्हणायची.

एका अपडेटमध्ये वरच्या पट्टीत चालू प्रोग्रामांचे आयकॉन आले, छान दिसायचे, फक्त घड्याळ त्यांच्याखाली गेलं. पुढच्यात घड्याळ परत आलं पण फुली पुन्हा पूर्वीसारखी नुसती मागे ढकलायला लागली. त्याच्या पुढच्यात 'यांना बंद करू नये' अशी यादी आली, मी हौसेने भरली, आणि नंतरच्या अपडेटने ती पुसली.

शेवटी वैतागून काढायलाच गेलो. तर म्हणे काढता येत नाही, प्रोग्राम चालू आहे. बरं, बंद करू म्हणून त्याच्याच यादीत बघितलं, तर सगळ्यांची नावं आहेत, त्याचं स्वतःचं नाही! सेटिंग्जमधल्या यादीतही नाही, कारण तिथे खिडकी असलेलेच दिसतात आणि हा बिनखिडकीचा. सॉफ्ट रीसेट केला तर स्टार्टअपमधून हाच सगळ्यात आधी उठून दारात हजर. मग स्टार्टअप फोल्डरमधला त्याचा शॉर्टकट शोधून उडवायचा आणि पुन्हा टोचायचं, हे मला फार उशिरा कळलं, कारण तोवर मी रागाने सगळं प्रकरण ड्रॉवरमध्ये कोंबलं होतं.

पंधरा दिवसांनी काढला तर बॅटरी ठार. त्या काळच्या या यंत्रात सगळं काही रॅममध्येच असायचं, बॅटरी गेली की संसार गेला. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीनवर फक्त एक अधिकचं चिन्ह, त्याच्या मधोमध टेकवा म्हणे. टास्क स्विचर गेला एकदाचा, पण अख्खा गाव बरोबर घेऊन. १४० नंबर होते माझे.

आईने न बोलता भिंतीवरचं कालनिर्णय काढून पुढ्यात ठेवलं. पाठीमागे पेन्सिलीने गॅसवाला, प्लंबर, आत्या, सगळे जागच्या जागी. ती एकेक नंबर वाचत गेली, मी टोचून घेत गेलो. संपल्यावर सवयीने फुली दाबली.

"झालं बंद?" आईने विचारलं.

मी स्टार्ट, सेटिंग्ज, सिस्टिम, मेमरी करत बसलो.